दुधीच्या वासाचे मिक्सर

त्या वर्षी राजारामपुरीतल्या कितीतरी घरांतल्या मिक्सरना दुधीचा वास येत होता, आणि त्याला कारण आमचे शौकतभाई.

शौकतभाई नदाफ यांचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान माझ्या दुकानाला लागून. माझं फॉल-पिकोचं आणि अस्तराच्या कापडाचं. मध्ये एकच भिंत, तीही इतकी पातळ की त्यांच्याकडं मोटर सुरू झाली की माझ्या मशीनवरची कात्री थरथरायची. माणूस उंचीला बेताचा, पण आडवा ऐसपैस. ते स्टुलावर बसले की स्टूल दिसायचंच नाही, त्यामुळं नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं की मालक उभेच आहेत. मग ते गिऱ्हाईकही बराच वेळ अदबीनं उभं राहायचं.

मिक्सर हातात आला की शौकतभाई तो लगेच चालू करायचे नाहीत. आधी भांडं नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे, आणि निदान सांगायचे.

"सुकं खोबरं वाटलंय. भाजलं आन् गरम गरमच टाकलं. तुमी टाकलं का सासूबाईंनी?"

"सासूबाईंनी," बाई हळूच म्हणायची.

"मग ऱ्हाऊ दे. त्यांना काय बोलू नका. बिघडला की पुन्यांदा आणा."

उन्हाळ्यात तर त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. आमच्याकडं वर्षाची कांदा-लसणाची चटणी उन्हाळ्यात होते. कांडपाच्या गिरणीत रांग असली की बायका वाळक्या मिरच्या घरच्या मिक्सरमध्येच घालतात, आणि मिक्सर धूर काढतो. तसले मिक्सर उघडताना शौकतभाई इतके शिंकायचे की समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर एकदा गोळी घेऊन आला होता. शिंकांच्या मधे मधे ते मिरचीची जातही सांगायचे. "ही ब्याडगी. रंग हाय, तिखट न्हाय. ह्यांच्याकडं पावणं सुखी असणार."

त्यांचा डबा चार पुडांचा यायचा. रेहानाभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वतः घेऊन यायच्या, समोर बसून वाढायच्या आणि एक शब्द न बोलता रिकामा डबा घेऊन जायच्या. त्या वळल्या की शौकतभाई उठायचे आणि म्हणायचे, "जरा तोंड धुऊन येतो." हे तोंड धुणं कोपऱ्यावरच्या भज्याच्या गाड्यावर व्हायचं. पुढं आमच्या सगळ्या गल्लीत भजी खाण्याला तोंड धुणंच म्हणायला लागले. माझ्याकडं कामाला येणाऱ्या मुलीसुद्धा म्हणायच्या, "काकू, तोंड धुवायला जाऊया का?"

असा हा माणूस वजन कमी करायच्या मागं लागेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. लागला तो आपांमुळं.

आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण. पेठ वडगावला राहायच्या. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. शौकतभाईंची आई ते लहान असतानाच गेली, आणि आपांनीच त्यांना वाढवलं. अंगानं बारीक, आवाज मात्र दोन माणसांना पुरेल एवढा. त्यांच्या दोन्ही किडन्या हळूहळू कामातून गेल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा त्या कोल्हापुरात डायलिसिसला यायच्या. ते झालं की भावाच्या दुकानात येऊन बसायच्या. भाऊबहीण एकमेकांत दखनी बोलायचे, पण मी समोर असले की मराठीत भांडायचे, म्हणजे मलाही नीट कळावं.

एक दिवस शौकतभाईंनी गल्लीला जाहीरच करून टाकलं. ते काही लपवून ठेवणारे नव्हते. "आपाला मी किडनी देणार. रक्त जुळलंय. पण डाक्टरीणबाई म्हणत्यात, किडनी नंतर द्या, आधी चरबी द्या. हे एवढं," असं म्हणून त्यांनी पोटाभोवती दोन्ही हातांनी एक मोठं टोपलं दाखवलं, "हे गेल्याशिवाय आपरेशन न्हाय."

आपा तिथंच बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "पोरी, मला ह्याची किडनी नगो. शाळंत सुई टोचायला डाक्टर आलता तवा ह्यो कौलावर चढून बसलाता. मास्तरानं शिडी लावून काढला खाली. आन् ह्यो मला किडनी देणार."

"तवा मी लहान होतो."

"सातवीत होतास. मिशी फुटलीती."

शौकतभाईंनी तेवढ्यावर विषय सोडला, पण हेका सोडला नाही. आता वजन उतरवायचं कसं? तर त्यांच्याकडं कुणाचातरी एक ज्यूसर पडून होता. दुरुस्तीला दिला आणि मालक बदली होऊन गेला तो आलाच नाही. तो त्यांनी झाडून पुसून चालू केला. मोबाइलवर कुठल्यातरी माणसाचे व्हिडिओ बघितले. रेहानाभाभींचा भाऊ फळं-भाजीचा व्यापारी, त्याच्याकडून रोज पिशवी यायला लागली. दुधी, कारली, बीट, पालक, आवळे, कोथिंबीर. जन्मात ज्या भाज्यांकडं त्यांनी वळून बघितलं नव्हतं, त्या सगळ्या आता त्यांच्या काउंटरवर पाहुण्यासारख्या मांडून ठेवलेल्या असायच्या.

आणि मग त्यांच्या डोक्यात आलं की दुरुस्त केलेला मिक्सर नाहीतरी चालवून बघावाच लागतो. नुसतं पाणी घालून चालवण्यापेक्षा दुधी घालून चालवला तर दोन्ही कामं होतात. झालं. जो तो मिक्सर दुधीवर तपासला जाऊ लागला. एका शिक्षिकाबाईंच्या मिक्सरला बिटाची पाळी आली. त्यांनी घरी नेऊन न धुता इडलीचं पीठ वाटलं. दुसऱ्या दिवशी गुलाबी इडल्या झाल्या. बाई तक्रार घेऊन आल्या तेव्हा शौकतभाईंनी शांतपणे विचारलं, "पोरांनी खाल्ल्या का?"

"खाल्ल्या. उद्या पण करायला सांगितल्यात."

"मग बीट घेऊन जा थोडं," असं म्हणून त्यांनी पुढ्यातलं एक बीट त्यांच्या हातावर ठेवलं.

पहिला महिना वजन उतरायच्या ऐवजी वाढलं. कारण सरळ होतं. त्यांच्या हिशेबानं रस हे औषध होतं आणि औषध जेवणाच्या जागी कुणी घेतं का? सकाळी दोन ग्लास दुधी, मग चार पुडांचा डबा, मग पचायला आवळा. तोंड धुणंही चालूच. मी म्हणाले, "शौकतभाई, रस वरून प्यायचा नसतो. त्याच्या बदल्यात काहीतरी सोडायचं असतं."

त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. "हे त्यो माणूस बोलला न्हाय."

"व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला का?"

"न्हाय. मधी भूक लागली."

मग मात्र त्यांनी मनावर घेतलं. डबा दोन पुडांवर आला. भजीवाल्याला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की मी आलो तरी मला देऊ नकोस, हाकलून लाव. तो गरीब माणूस इतक्या जुन्या गिऱ्हाइकाला हाकलणार कसा? तो नुसती मान खाली घालून झारा हलवत बसायचा, आणि शौकतभाई गाड्याजवळ उभे राहून वास घ्यायचे. एकदा माझ्याकडं मुलींनी भजी आणली होती. शौकतभाई भिंतीपलीकडून आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, एकच."

"नाही."

"अर्धं. नुसतं वरचं कुरकुरीत."

मी पुडी ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावला. पुढं दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन माझी मापाची टेप मागितली. पोट मोजायचं होतं. ती टेप त्यांनी पाठीमागून घेतली, ओढली, श्वास आत घेतला, आणि दोन टोकं जेमतेम एकमेकांना भेटली. "बसली," ते आनंदानं म्हणाले. "मागच्या महिन्यात बसत नव्हती." म्हणजे मागच्या महिन्यात माझ्या नकळत त्यांनी एकदा मोजून बघितलं होतं.

रसाची चव मात्र त्यांना काही केल्या आवडेना. शेवटी त्यांनी त्यावर कोल्हापुरी उपाय केला. दुधीच्या रसात घरची चटणी घातली. वरून लिंबू. तो तांबूस हिरवा ग्लास ते उंच धरून उजेडात बघायचे आणि म्हणायचे, "आता जरा माणसाचं खाणं वाटतंय." मलाही एकदा दिला. मी अर्धा घोट घेतला आणि दिवसभर माझ्या कानशिलातून वाफा येत होत्या.

या सगळ्या गमतीत एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा ध्यानात आली. आपा दुकानात असताना ते रस कधीच प्यायचे नाहीत. आपा रिक्षातून उतरताना दिसल्या की ग्लास काउंटरखाली जायचा. मला वाटलं, बहिणीच्या बोलण्याला घाबरतात. एकदा तसं म्हटल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "न्हाय ताई. तिला पाणी मोजून हाय. दिसाला इतकं म्हंजे इतकंच. रस तर तिला बंदच. तहानंनं तिची जीभ कोरडी पडती आन् मी तिच्या म्होरं बसून गटागटा प्यायचं व्हय?"

त्यानंतर मी त्यांची रसावरून चेष्टा जरा कमी केली. बंद नाही केली, कारण ते त्यांनाच चाललं नसतं.

चार-सहा महिन्यांत माणूस खरोखरच उतरला. स्टूल दिसायला लागलं. शर्ट अंगावर झोळीसारखे लोंबायला लागले, ते मीच बाजूनं आत घेऊन दिले. तपासण्यांची तारीख आली. शौकतभाई इस्त्रीचा शर्ट घालून, डॉक्टरीणबाईंसाठी म्हणून रसाच्या दोन बाटल्या भरून घेऊन हॉस्पिटलला गेले. जाताना माझ्या दारात थांबून म्हणाले, "आज पास."

दुपारी परत आले ते थेट आत गेले आणि शटर अर्धं खाली ओढलं. बराच वेळ मोटरचा आवाज नाही, शिंक नाही, काही नाही. मी वाकून आत गेले. ते खाली फरशीवर बसले होते, दोन्ही बाटल्या पुढ्यात, तशाच भरलेल्या.

"काय झालं?"

"किडनीचा आकडा वर आलाय," ते म्हणाले. "माझ्या. बाईंनी विचारलं काय काय खाताय. मी सांगटलं सगळं, कौतुकानं. पालक, बीट, रोज इतके ग्लास. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, एवढा कच्चा पालक आन् बीट रोज पिऊन किडनीवर बोजा पडतो. कुणी सांगटलंतं? मी म्हटलं, मोबाइलनं." मग म्हणाले, "जी वस्तू तिला द्यायची, तीच मी खराब करत बसलोतो, ताई. चांगलं करतोय म्हणून."

मी बाटल्या उचलून बाजूला ठेवायला वाकले. तेवढ्यात शटरखालून आपांचे पाय दिसले. त्यांचा डायलिसिसचा वार होता. त्या वाकून आत आल्या, दमलेल्या होत्या, भिंतीला हात लावत स्टुलावर बसल्या. त्यांना हॉस्पिटलमध्येच कळलं होतं. मला वाटलं आता कौलावरचा किस्सा परत निघणार. पण आपांनी एक बाटली उचलली, झाकण काढून वास घेतला, आणि तोंड वाकडं केलं.

"कारलं हाय ह्यात?"

"हाय."

"लहानपणी ताटात कारलं दिसलं की तू उठून जायचास," आपा म्हणाल्या. "हे इतकं दीस पीत होतास?"

शौकतभाईंनी नुसती मान हलवली. आपांनी झाकण परत लावलं. मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "बास आता हे मोबाइलचं. मी उद्यापास्नं तुज्या घरात ऱ्हायला येणार. मी जे खाणार ते तू खायचं. मला मीठ न्हाय, तुला त्याल न्हाय. आन् हितनं टेंबलाईच्या टेकडीपतोर रोज चालायचं."

"म्हंजे किडनी घेणार तू?"

"मी असं कुठं म्हटलं?"

आपा दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आल्या त्या खरंच. पुढचे काही महिने रेहानाभाभींच्या डब्यात दोघांचं जेवण यायचं. भाकरी, अंड्याचा पांढरा भाग, आणि उकळून पाणी काढून टाकलेली भाजी, जिला ना रंग ना चव. दोघं समोरासमोर बसून मुकाट्यानं जेवायचे. एकदा शौकतभाई मला म्हणाले, "ताई, हे जेवून माणूस जगतोय, पण कशासाठी, ते आठवत न्हाय." आपांनी त्यांच्या ताटात आणखी एक चमचा वाढला.

टेकडीवर मात्र ते रोज जायचे. चालणं कमी आणि थांबणं जास्त. वाटेत दिसेल त्या ओळखीच्या घरासमोर ते उभे राहायचे आणि आतून मिक्सरचा आवाज आला की कान देऊन ऐकायचे. "वहिनी, मोटरचा बुश गेलाय, आणून टाका," अशी हाक द्यायचे. फिरायला सुरुवात केल्यापासून त्यांचं गिऱ्हाईक वाढलं, हे मी स्वतः बघितलंय. वजनही, सावकाश का होईना, उतरत राहिलं. पुढच्या तपासणीत किडनीचा आकडा जागेवर आला होता. या वेळी त्यांनी डॉक्टरीणबाईंसाठी काही नेलं नव्हतं. बाईंनीच त्यांना चहा पाजला, बिनसाखरेचा.

शेवटची अडचण आपाच होत्या. हॉस्पिटलात चार माणसं बसून देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची चौकशी करतात, कुणावर जबरदस्ती तर नाही ना म्हणून. तिथं काय घडलं ते शौकतभाईंनी आल्यावर माझ्या दुकानात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. त्यातल्या एका साहेबांनी विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" शौकतभाई म्हणाले, "साहेब, दबाव हाय, पण माझाच हाय, हिच्यावर. ही घ्यायला तयार न्हाय. तुमीच जरा समजावून सांगा." साहेब आपांकडं वळले. आपा बराच वेळ हातातल्या बांगड्या मागं पुढं करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याला मी लहानाचा मोठा केला साहेब. ह्याला काय झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? एवढंच विचारायचं हाय. ह्याला काय व्हणार न्हाय ना?" डॉक्टरीणबाईंनी खुर्चीवरून उठून त्यांना सगळं सावकाश सांगितलं, भीती कशाची असते आणि कशाची नसते ते. मग आपांनी अंगठा नाही, सही केली. सही करताना भावाला म्हणाल्या, "सुई टोचताना पळू नगोस म्हंजे झालं."

पळाले नाहीत. पण ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी रेहानाभाभींचा हात इतका घट्ट धरून ठेवला होता की भाभींच्या बांगड्या फुटल्या. एरवी न बोलणाऱ्या भाभींनी हे मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्या हसत होत्या.

मी चौथ्या दिवशी भेटायला गेले. शौकतभाई उशीला टेकून बसले होते, चेहरा उतरलेला, कुशीवर हात. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला, ते नर्सनं मला सांगितलं. डॉक्टरीणबाई आत आल्या तेव्हा ते म्हणाले होते, "चालू झाली का?" बाई म्हणाल्या, लगेच झाली. तेव्हा ते परत झोपून गेले. आपा वेगळ्या खोलीत होत्या, आत जायला मनाई. काचेतून मी बघितलं तर त्या पाण्याचा ग्लास हातात घेऊन बसल्या होत्या. भरलेला, मोठा ग्लास. घोट घोट पीत होत्या आणि प्रत्येक घोटानंतर ग्लास डोळ्यांसमोर धरून किती उरलंय ते बघत होत्या, सवयीनं.

नंतरची दोनेक वर्षं शौकतभाई दुकानात होते. मग वडगावला परत गेलेल्या आपांना एकटीला औषधांच्या वेळा सांभाळणं जमेना, आणि कोल्हापुरात आपल्याला तसं धरून ठेवणारं काही नाही म्हणून त्यांनी गाळा सोडला आणि भाभींना घेऊन पेठ वडगावला राहायला गेले. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. भिंतीपलीकडं फार शांत असतं.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाहून परतताना आमची बस पेठ वडगावच्या स्टँडवर थांबली होती. मी खिडकीशी होते. समोरच्या रस्त्यानं आपा येत होत्या, पुढं, भराभर, काहीतरी बोलत. मागून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन शौकतभाई. वजन बरंचसं परत आलेलं, हे मला त्या चालीवरूनच कळलं. मी खिडकीतून हाक मारली. इंजिनच्या आवाजात त्यांना ऐकू गेली नाही, पण आपांना गेली. त्या थांबल्या, मला ओळखलं, आणि भावाला काहीतरी सांगितलं. शौकतभाईंनी पिशव्या खाली ठेवल्या. चेहरा हसरा झाला, दोन्ही हात वर गेले आणि ते जोरजोरात हलवू लागले, आमच्या बसला नाही, शेजारी उभ्या असलेल्या इचलकरंजीच्या बसला. आपा त्यांचा दंड धरून त्यांना इकडं वळवायला बघत होत्या आणि ते वळत नव्हते. तेवढ्यात आमची बस सुटली. मी मागं वळून बघितलं, तर त्या दुसऱ्या बसच्या खिडकीतून कुणी एक अनोळखी बाई त्यांना हात हलवत होती.